पांचव्या पुत्राचें आत्मनिवेदन

वर्धा हें गांव नकाशावर लहान असलें तरी टपालाच्या इतिहासांत त्याचें स्थान मोठें आहे. १९३४ सालीं गांधीजी येथें राहावयास आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेरीस शेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, गेले. त्या काळांत या जिल्ह्यांतून जीं पत्रें गेलीं आणि जीं येथें आलीं, त्यांतील राजकारण इतिहासकारांनीं वेंचून घेतलें आहे. उपदेशाचा भाग भक्तांनीं सुभाषितसंग्रहांत घातला आहे. राहिलें तें त्या पत्रांतील मनुष्याचें मन. तें खरें म्हणजे साहित्याचें धन. पण साहित्याच्या टीकाकारांनीं त्याकडे पाहावें तितकें पाहिलेलें नाहीं असें आम्हांस वाटतें.

काकासाहेब कालेलकरांनीं संपादिलेला 'पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद' हा हिंदी पत्रसंग्रह १९५३ सालचा. जमनालाल बजाज व त्यांचें कुटुंब यांस गांधीजींनीं लिहिलेलीं पत्रें त्यांत आहेत. जमनालालजींचींही कांहीं आहेत. नांवांतील 'आशीर्वाद' या शब्दानें वाचकाची दिशा आधींच ठरून जाते. तो हात जोडूनच पुस्तक उघडतो. आम्हीही प्रथम तसेंच वाचलें होतें. या खेपेस मात्र जमनालालजींची छापलेली रोजनिशी व त्यांचीं चरित्रें शेजारीं ठेवून वाचूं लागलों, तों एक निराळीच कथा दिसूं लागली. ती एका फार यशस्वी मनुष्याच्या फार जुन्या जखमेची कथा आहे. मनाची जखम मनाची ओळख पटल्यानें भरते काय, या प्रश्नाला तिच्यांत जेवढें प्रामाणिक उत्तर आहे तेवढें आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळलें.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं सीकर संस्थानांतील काशी का बास या खेड्यांत झाला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांचा मुलगा निवर्तला होता व घराण्यास वारस हवा होता. शेठजी सहकुटुंब राजपुतान्यांत गेले असतां त्यांच्या पत्नीनें हा चार-पांच वर्षांचा मुलगा खेळतांना पाहिला. पाहुणीनें कौतुकानें तो मागितला. आईनें शिष्टाचार म्हणून 'तुमचाच आहे' अशा अर्थाचे कांहीं शब्द उच्चारले. आणि तेच शब्द वचन ठरले. मुलाच्या बदल्यांत पैसा घेण्याचें आईबापांनीं नाकारलें. गांवांत पाण्याची टंचाई होती, म्हणून शेठजींनीं तेथें एक विहीर बांधून दिली, असें चरित्रकार सांगतात.

हा सगळा व्यवहार त्या काळच्या रीतीस धरूनच होता. कोणीं कोणावर जुलूम केला असें म्हणतां येणार नाहीं. विहिरीच्या अटींत तर आईबापांचा मोठेपणाच दिसतो. चरित्रकार या प्रसंगीं गहिंवरतात आणि पुढें जातात. आमचें मन मात्र तेथेंच अडून राहिलें. चार-पांच वर्षांच्या मुलास विहिरीची थोरवी काय कळणार? त्याला एवढेंच कळतें कीं काल आई होती, आणि आज हजार कोसांवर आपण दुसऱ्याच घरीं आहों. जॉन बोल्बी या इंग्रज वैद्यानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९५१ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत लहानपणीं आईच्या मायेचें सातत्य तुटल्यास मनाच्या आरोग्यावर कसा परिणाम होतो हें सविस्तर मांडलें आहे. आपल्याकडे दत्तकाचा विचार धर्मशास्त्रानें केला, कायद्यानें केला. पिंड कोणी द्यावा, वांटा कोणास मिळावा, याची चर्चा झाली. दत्तक गेलेल्या मुलास रात्रीं झोंप लागली काय, हा प्रश्न कोणत्याच ग्रंथांत आम्हांस दिसला नाहीं.

पुढें तेरा वर्षांनीं त्या जखमेवरची खपली निघाली. १९०७ सालची गोष्ट. एका लग्नास जावयाचें होतें. आजोबांची इच्छा कीं नातवानें दागिने घालावे. नातू नको म्हणाला. शेठजी तापट होते. रागाच्या भरांत ते बोलून गेले, आणि त्या बोलण्यांत पैशाची जाणीव करून देणारी भाषा होती. सतरा वर्षांच्या जमनालालानें स्टँपाच्या कागदावर पत्र लिहिलें: तुमच्या संपत्तीवर माझा कांहीं हक्क नाहीं, पुढें कधीं सांगणार नाहीं, अंगावरचे कपडे तेवढे घेऊन मी जात आहें. पत्रांत शिव्याशाप नाहींत, गाऱ्हाणें नाहीं. उलट म्हाताऱ्याचें कल्याण चिंतिलें आहे. ही क्षमाशीलता पाहून चरित्रकार येथें भावी महात्म्याचीं पावलें ओळखतात. आम्हांस मात्र त्यांतील कायदेशीर शांतता भयंकर वाटते. राग आलेला मुलगा दार आपटतो. हा मुलगा स्टँपाचा कागद आणतो. ज्याला तोंडच्या शब्दानें देऊन टाकलें होतें, त्यानें लेखी शब्दानें स्वतःला परत घेतलें. म्हाताऱ्यास पश्चात्ताप झाला, माणसें धांवलीं, मुलास समजावून परत आणलें. थोड्याच काळांत शेठजी वारले आणि सगळी संपत्ति त्याच्याच हातीं आली. पण कागदावरचा शब्द तो विसरला नाहीं. सोडलेल्या रकमेचा व्याजासह हिशेब करून ती त्यानें सत्कार्यांत खर्चली.

यानंतरची घटना पुस्तकाच्या नांवांतच आहे. १९२० च्या सुमारास तीस वर्षांचा हा श्रीमंत तरुण गांधीजींपुढें आला आणि 'कांहीं मागावयाचें आहे' म्हणाला. मागितलें काय, तर देवदासाप्रमाणें मला आपला मुलगा समजा. जमनालालजींच्या मृत्यूनंतर गांधीजींनींच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आजवर त्याचें वर्णन समर्पण म्हणून होत आलें. आम्हांस त्यांत एक न्याय दिसतो. लहानपणीं ज्याला कोणीं विचारलें नव्हतें, त्यानें या वेळीं आपण होऊन बाप दत्तक घेतला. आणि बापानेंही तो प्रकार बरोबर ओळखला असावा. १९२२ च्या मार्चांत, शिक्षा होण्याच्या दोनच दिवस आधीं, साबरमतीच्या तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत गांधीजी म्हणतात त्याचा भाव असा, कीं तुम्ही पुत्र झालांत, आतां योग्य पिता होण्याची खटपट माझी आहे. जबाबदारी घेणाऱ्यावर असते, दिलेल्यावर नव्हे, ही गोष्ट जमनालालजींना तोंवर कोणी सांगितली होती काय? आरंभीं 'भाईश्री' असा आदराचा मायना घालणारे गांधीजी पुढें 'चि. जमनालाल' लिहूं लागतात. पत्रसाहित्यांत मायन्याचें महत्त्व आमचे टीकाकार ध्यानांत घेत नाहींत. या पुस्तकांत तो एक 'चि.' अनेक पानांच्या उपदेशाहून अधिक काम करितो.

येथवर कथा सरळ आहे. मधला भाग जड जातो, आणि पुस्तकाचें खरें मर्म तेथेंच आहे.

बाप मिळाला म्हणून मन निवालें नाहीं. बाहेरून पाहणाऱ्यास या मनुष्याला काय उणें होतें? काँग्रेसचे खजिनदार, रायबहादुरी टाकून दिलेली, १९२३ च्या नागपूर झेंडा-सत्याग्रहापासून तुरुंगाची वाट पायांखालची, १९२८ च्या जुलैंत आजोबांनीं बांधलेलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांस खुलें करणारे, १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें ऐकण्याचें भाग्य लाभलेले. असा मनुष्य गांधीजींपुढें वारंवार आपल्या दोषांचा पाढा वाचतो. मनांत विकार येतात, दुर्बलता जात नाहीं, मी या पदांस योग्य नाहीं, अशी त्याची तक्रार स्वतःविरुद्ध चालूच असते. १९३८ च्या सुमारास ही अस्वस्थता विशेष वाढलेली दिसते. त्याच वर्षीं ऑगस्टांत राजेंद्रबाबूंसह ते रमण महर्षींच्या दर्शनास गेले.

भाविक वाचक याला आत्मपरीक्षण म्हणतो व त्याची थोरवी गातो. आमचा मतभेद येथें आहे. आत्मपरीक्षण या शब्दांतच परीक्षा आहे. परीक्षक आहे, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण आहे. जमनालालजी जातिवंत व्यापारी होते. त्यांनीं मनाची खातेवही घातली, पण नांवेंची बाजूच तेवढी भरीत गेले; जमेच्या बाजूस लेखणी लागली नाहीं. आणि जे दोष ते मांडतात त्यांच्या मुळाशीं काय आहे, या भूकेला नांव काय, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षें त्यांच्या पत्रांत उमटत नाहीं. असली जाणीव म्हणजे जखमेकडे पाहणें नव्हे. जखम झालेल्या अंगास शिक्षा करणें आहे. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीनें १९९१ पासून या प्रकाराचा अभ्यास मांडला. खिन्न मनुष्य आपल्या खिन्नतेचा आणि तिच्या कारणांचा नुसता रवंथ करीत राहिला तर ती खिन्नता लांबते, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या साधकवर्गाला हें ऐकून कदाचित् राग येईल. पण स्वतःकडे पाहण्याचे सर्वच प्रकार औषधी नसतात, हें एकदां स्पष्ट म्हटलें पाहिजे.

गांधीजींकडे थोडा दोष जातो काय? आम्हांस वाटतें, जातो. ते जमनालालजींच्या प्रकृतीची आईप्रमाणें चौकशी करितात, पत्रोत्तरांत आळस करीत नाहींत. पण दुःख सांगितलें कीं बहुधा त्यांच्याकडून उत्तरास एखादें व्रत येतें. आहार, सूत, रामनाम, संयम. मनुष्य रडत असतां त्याच्या हातीं दिनचर्या द्यावी, तसें कांहीं ठिकाणीं होतें. अर्थात् पत्रें लिहिणाऱ्यानें पत्रें मागणाऱ्याची वाट कधीं बंद केली नाहीं, ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

वाट सांपडली ती १९४१ मध्यें. वैयक्तिक सत्याग्रहांत नागपूरच्या तुरुंगांत प्रकृति ढांसळली, सुटका झाली, आणि त्याच वर्षीं ते डेहराडूनकडे आनंदमयी माँच्या सान्निध्यांत जाऊन राहिले. गांधीजींत पिता, विनोबांत गुरु मिळाले होते. आतां माता मिळाली, अशी त्यांची भावना झाली. बावन्न वर्षांच्या उंबरठ्यावर असलेला, मुलानातवंडांचा, लाखोंची उलाढाल केलेला पुरुष 'मला आई हवी होती' असें कबूल करितो, या गोष्टीचें नवल कोणत्याच चरित्रांत पुरेसें झालेलें नाहीं. कोणी तिला भक्ति म्हणतो, कोणी विरक्ति. आमचा तर्क निराळा आहे. तो आमचाच आहे, जमनालालजींनीं तसें म्हटलेलें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. आजवर ते दोष सांगत आले होते. या वेळीं त्यांनीं उणीव सांगितली. 'मी वाईट आहें' या वाक्याच्या जागीं 'मला अमुक मिळालें नाहीं' हें वाक्य आलें. खातेवही मिटली. काशी का बासच्या अंगणांत जो मुलगा खेळतां खेळतां उचलला गेला, त्याच्याकडे त्यांनीं या दिवसांत प्रथमच न्यायाधीशाच्या नजरेनें न पाहतां पाहिलें असावें.

मराठींत याला एक जुना शब्द आहे. नवविधा भक्तींतील नववी भक्ति म्हणजे आत्मनिवेदन. परीक्षणाला परीक्षक लागतो, निवेदनाला ऐकणारा लागतो. एवढ्या एका फरकांत सगळें आलें. तुकोबांच्या घरीं दुष्काळानें बायको व मुलगा नेला असें परंपरा सांगते. त्यांच्या अभंगांत स्वतःची निर्भर्त्सना थोडी नाहीं, पण ती कोंडलेली नाहीं. समोर कोणी तरी उभा आहे, कंबरेवर हात ठेवून कां होईना, ऐकत आहे. ज्युडिथ हर्मन या मनोवैद्य स्त्रीनें मानसिक आघातावर १९९२ सालीं लिहिलेला ग्रंथ आज प्रमाण मानला जातो. आघातग्रस्तास प्रथम निर्धास्तपणा हवा, मग झाल्या गोष्टीची आठवण व तिच्यासाठीं शोक, मग नित्याच्या जीवनाशीं पुन्हां नातें, असा तिनें क्रम लाविला. आणि एकांतांत हें घडत नाहीं, माणसाच्या संगतींतच घडतें, असेंही बजाविलें. जमनालालजींच्या पत्रांना हा क्रम ताणून बसवावा असें आम्ही म्हणत नाहीं. तरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे: त्यांनीं उणीव ओळखली आणि ते स्वस्थ बसले नाहींत. ३० सप्टेंबर १९४१ रोजीं गोसेवा संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या गोपुरींत झोपडी बांधून ते राहूं लागले. गाईंच्या अंगावरून हात फिरवण्यांत त्यांचे दिवस जाऊं लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते एकाएकीं गेले. अखेरच्या दिवसांत त्यांच्या मनाची अवस्था फार उंचावली होती, अशी साक्ष विनोबांनीं दिली आहे. पांच महिन्यांच्या या अवधीवरून जखम भरली असा निकाल देणें घाईचें होईल. दुखणें थांबलें होतें, एवढें कदाचित् म्हणतां येईल.

हा सगळा खटाटोप एका कोट्यधीशाच्या मनासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर याच जिल्ह्यांत आहे. कापसाच्या शेतींत कर्जानें पिचून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांत जे राहिले, त्यांची गोष्ट. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहांत वर्धा एक होता. व्याजमाफी, कर्जाची फेरआंखणी, पाटबंधारे असे तिचे मुख्य भाग होते आणि तें सर्व आवश्यकही होतें. मनाचा हिशेब तिच्यांत कोठें बसणार?

कांहीं वर्षांपूर्वीं देवळीकडील एका खेड्यांत आम्ही अशा घरीं बसलों होतों. घरची बाई तिशींतली. कोणीं कांहीं विचारो, तिचें उत्तर एकच: माझीच चूक. त्या सकाळीं मी त्यांना जाऊं दिलें ही चूक. चहा करून दिला नाहीं ही चूक. आदल्या रात्रीं पोराच्या फीची गोष्ट काढली ही चूक. जमनालालजींच्या खातेवहीची आम्हांस तेथेंच आठवण झाली. आलेले लोक तिची समजूत घालीत होते, 'मनाला लावून घेऊं नकोस' म्हणत होते. म्हणजे परीक्षेंत तिला वाढीव गुण देत होते. शेजारच्या गांवची एक म्हातारी कोपऱ्यांत बसली होती. तिच्याही घरांत तेंच घडलेलें. ती सरकत पुढें आली आणि हळूच म्हणाली, "त्या दिशी तुले भेव वाटलं का वो माय?" ती बाई कितीतरी वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाटलं. लई भेव वाटलं." आणि तीं दोघीं एकमेकींस धरून बसलीं. चुकांची यादी त्या दिवशीं पुन्हां निघाली नाहीं. पुढें निघाली असेल. एका प्रश्नानें जन्माचें दुखणें जात नाहीं, आणि अशा कित्येकांना वैद्याची व औषधाची गरज असते, ती त्या म्हातारीनें भागविली असती असें नाहीं. पण 'चूक' या शब्दापासून 'भेव' या शब्दापर्यंत ती बाई ज्या पावलानें आली, तेंच पाऊल टाकावयास शेठ जमनालाल बजाजांना तीस-पस्तीस वर्षें लागलीं, हें आम्ही त्या पत्रांत वाचलें आहे.

पुस्तकाविषयीं एक तक्रार करावयाची राहिली. संपादकांचें लक्ष आशीर्वादावर असल्यामुळें देणाऱ्याचा आवाज भरघोस ऐकूं येतो, घेणाऱ्याचा तुटक. पुष्कळ ठिकाणीं उत्तर आहे, पण प्रश्न काय होता तें वाचकानें अंदाजानें जाणावयाचें. रोजनिशी निराळ्या खंडांत, जानकीदेवींची 'मेरी जीवन यात्रा' निराळी. ज्या बाईनें नवऱ्याच्या प्रत्येक व्रताबरोबर आपला पडदा आणि आपले दागिने सोडले, तिला या अस्वस्थतेची झळ कशी लागली, हें तिच्याच शब्दांत शेजारीं असावयास हवें होतें. ही सर्व सामग्री तारीखवार एकत्र गुंफून कोणी मराठींत आणील तर या जिल्ह्यावर उपकार होतील. तेव्हां संग्रहाचा आरंभ मात्र १९२० पासून नसावा. पहिल्या पानावर १९०७ सालचा तो स्टँपाचा कागद असावा.